कच्चे टाके

“दिगू, खडू केला होतास?”

एसटीच्या पायरीवरून माझा दुसरा पायही अजून खाली टेकला नव्हता. सासऱ्यांचं तिसऱ्या दिवसाचं आटोपून मी चिपळूणहून दापोलीला परत येत होतो. डोळे जागरणाने चुरचुरत होते आणि समोर स्टँडवर भावजी उभे. भावजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, शालनताईचे यजमान अच्युतराव. मला उतरवून घ्यायला ते आयुष्यात कधी स्टँडवर आले नव्हते. मला वाटलं, सांत्वनाला आलेत.

“कसला खडू?”

“गणपत चोगलेच्या जीपला. ड्रायव्हरच्या सीटखाली. मंगळवारी कच्चे टाके टाकून गेलास ना? खडू केला होतास का नाही?”

“केला असणार की.”

“असणार नको सांगूस. केला होतास का?”

आणि मला आठवेना. तिथे स्टँडवर, हातात पिशवी घेऊन मी आठवत राहिलो आणि मला आठवेनाच.

“सीट उपटून आली,” भावजी म्हणाले. “परवा सकाळी. वऱ्हाड घेऊन चालला होता तो. उतारावर म्हैस आडवी आली म्हणून ब्रेक मारलान, तर सीटच पुढे गेली त्याला घेऊन. गाडी चरात. वऱ्हाडी खरचटण्यावर सुटले. गणपतच्या खुब्याचा चुरा झालाय.”

आता हा खडू काय प्रकार होता, ते सांगायला हवं, कारण दापोली-हर्णै पट्ट्याबाहेर तो कुणाला कळायचा नाही.

आम्ही पांचाळ. माझे वडील अण्णा बैलगाडीच्या चाकांवर लोखंडी धावा चढवता चढवता वेल्डिंग शिकले आणि त्यांनी गॅरेज टाकलं. पत्र्याचं काम करताना एकदम वेल्डिंग ओढत नाहीत. पत्रा तापला की ओढला जातो, भोकं सरकतात. म्हणून आधी चार ठिकाणी नुसते टाके टाकायचे, शिंपी कपड्याला कच्चा धावदोरा घालतो तसे. मग सगळं जागच्या जागी बसतंय का बघायचं आणि नंतर पक्कं करायचं. कच्चा टाका आणि पक्कं काम यांतला फरक ज्याला त्याला दिसत नाही. वरून काळा रंग मारला तर कुणालाच दिसत नाही. म्हणून अण्णांचा नियम होता: कच्च्या कामाभोवती खडूने गोल काढायचं. काम पक्कं झालं की ज्याने वेल्डिंग केलं, त्यानेच स्वतःच्या हाताने ते गोल पुसायचं. दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही. गोल असलेल्या गाडीला रंग लागत नसे आणि ती दारातून बाहेरही पडत नसे. गिऱ्हाइकांनाही हे पाठ होतं. गाडी नेताना माणसं वाकून, मॅट उचलून खडू बघत.

अण्णांनी ताईवर हात उगारला तो एकदाच. ती नऊ वर्षांची असेल. खेळता खेळता तिने परकराच्या काठाने एक गोल पुसलं. अण्णांनी तिच्या थोबाडीत मारली आणि मग स्वतःच मोरीत जाऊन बराच वेळ तोंड धूत बसले. त्यानंतर ताई खडूच्या गोलावरून उडीसुद्धा मारत नसे.

अण्णा गेल्यावर गॅरेज आम्हा तिघांवर आलं. भावजी गिऱ्हाइकं आणि सामान बघत. वेल्डिंग माझ्याकडे. आणि रंग ताईकडे. समुद्राची हवा नव्या पत्र्यालाही वर्षभरात खाते, त्यामुळे आमच्याकडे प्रत्येक जोडावर जाड काळा रंग लागे. तो ताई मारायची. लोक आधी हसले, मग बघायला येऊ लागले. तिचा ब्रश माझ्यापेक्षा सरळ चालायचा, हे मी आजही कबूल करतो.

गणपतची जीप जुनी, हर्णैच्या बंदरावर दहा वर्षं मासळी वाहिलेली. बर्फाचं आणि मिठाचं पाणी खोक्यांतून गळून गळून तिचा तळ खलास झालेला. गणपतने ती घेतली आणि मागे बाकं टाकून वडापला लावली. “सीट जरा डोलते,” एवढंच तो म्हणाला. मी मॅट उचलली तर सीटच्या चारही बोल्टांभोवतीचा पत्रा बिस्किटासारखा बोटाने मोडत होता. कुणीतरी आधी खालून मोठाले वायसर लावून, गोणपाट कोंबून वर डांबर ओतलं होतं. मी त्या कारागिराला चार शिव्या घातल्या. मग चारही ठिकाणचा कुजका पत्रा चांगल्या पत्र्यापर्यंत कापून काढला, जाड पत्र्याच्या चार पट्ट्या बसवल्या, त्यांना खालून नट लावले आणि टाके टाकले. सीट बोल्टवर चढवून बघितली. बरोब्बर बसली. आता गणपतला एकदा बसवून त्याचा पाय ब्रेकला नीट पोचतो का बघायचं आणि मग पक्कं करायचं, एवढंच राहिलं होतं.

तेवढ्यात शेजारच्या दुकानात फोन आला. सासरे कोसळले. माझी बायको आधीच तिकडे होती. ताई जेवायला घरी गेलेली, भावजी सामान आणायला खेडला. अडीचची एसटी सुटायला दहा मिनिटं होती. मी वेल्डिंगचा होल्डर खाली टाकला, हात पुसले आणि धावलो.

हात पुसले ते आठवतं. मधे खिशातून खडू काढला का? वाकलो का? हजार वेळा केलेली गोष्ट एका वेळेची म्हणून वेगळी आठवत नाही हो. घराचं कुलूप लावलं का, हे तरी कुठे आठवतं आपल्याला?

“मी संध्याकाळी आलो,” भावजी रस्त्याने सांगत होते, “गणपत येऊन बसलेला. पहाटेची वऱ्हाडाची वर्दी होती त्याची. मी वाकून बघितलं, खडू नाही. म्हणजे पक्कं. शालनने रंग मारलान, सुकल्यावर तो गाडी घेऊन गेला.”

“ताईने मारला रंग?”

“मग कोण मारणार?”

माझ्यापुरता निकाल तिथेच लागला. भावजींची नजर चुकू शकते. त्यांना पत्र्यातलं कळतं तरी किती? पण ताईची? खडू असता तर ताईने ब्रश उचललाच नसता. म्हणजे खडू नव्हता. म्हणजे मीच विसरलो होतो आणि एका माणसाचा खुबा माझ्या हाताने मोडला होता.

घरी गेलो तर ताई भाकरी थापत होती. मी उंबऱ्यात बसलो. 

“ताई, नव्हता का गं खडू?”

तिने भाकरी तव्यावर टाकली, पाणी फिरवलं. “जेव आधी.”

“सांग ना.”

“विसरतं माणूस. तुझा सासरा गेला होता. त्यात काय शुद्ध राहत्ये?”

दुसऱ्या दिवशी मी सरकारी दवाखान्यात गेलो. एकट्याने जायची हिंमत नव्हती. ताई म्हणाली, मी येते. गणपतचा पाय वजनं लावून टांगलेला होता. हाड जुळेल, पण तासभर एका जागी बसणं जमणार नाही, गाडी तर नाहीच नाही, असं डॉक्टरांनी सांगितलेलं. त्याची बायको चंद्रा खाटेशी बसून होती. मला बघताच ती उठली.

“आलाव? बघा, डोळं भरून बघा.”

मी हात जोडले. “गणपत, माझ्याकडून खडू राहिला. टाके कच्चे होते. चूक माझी आहे.”

गणपत वर पंख्याकडे बघत होता. हर्णैचा कोळी तो. तोंडाचा फाटका, एरवी त्याने मला आडवातिडवा घेतला असता. मी तेच मागायला गेलो होतो खरं तर. पण तो एवढंच म्हणाला, “तुझा सासरा मरायला टेकलेला. तवा खडू कुणाला आठवतोय? जा झाला ता झाला. माफ केला तुला.”

माझ्या शेजारी ताई पदर तोंडात कोंबून हमसाहमशी रडायला लागली. चंद्रानेच शेवटी तिला पाणी दिलं. माझ्या बहिणीला माझ्यासाठी इतकं तुटतंय हे बघून मला त्या अवस्थेतही धीर आला. ती संपूर्ण वाट मी तिचा हात धरून चाललो.

पुढचे आठ दिवस मी होल्डरला हात लावला नाही. एकदा उचलला, तर ठिणगी पडायच्या आधीच परत खाली ठेवला. आणि गाव माझ्याशी इतकं चांगलं वागत होतं की विचारू नका. “असू दे दिगू, वेळच वाईट होती.” “कुणाच्याही हातून झाला असता.” त्या कणवेचा मला वीट आला. एकाने तरी कानाखाली आवाज काढावा असं वाटायचं. बायकोला मी सांगून टाकलं, हे काम आता माझ्याच्याने होणार नाही, दुसरं काहीतरी बघतो. सोळा वर्षांचा असल्यापासून मी एवढंच शिकलो होतो.

शनिवारी दुपारी जीप ओढून गॅरेजमध्ये आणली. भावजी कधी नव्हे ते घाईत होते.

“हिला हात लावू नकोस. भंगारात देतोय. गणपतने चिठ्ठी दिलीय. मी भंगारवाल्याला घेऊनच येतो.”

“इतकी घाई?”

“ती समोर दिसली की तुलाच त्रास होतो म्हणून,” ते म्हणाले आणि गेले. किती काळजी माझी!

मी काही शोधायला वाकलो नाही. केलेलं पाप एकदा बघावं एवढंच मनात होतं. दार वाकडं झालं होतं, ते ओढून उघडलं. सीट आडवी पडली होती. तीन पट्ट्या सीटबरोबर उपटून गेलेल्या, टाके काडीसारखे तुटलेले. चौथी, डावीकडची मागची, जागेवर लोंबत होती. तिच्यावर ताईचा काळा रंग तसाच होता, चकचकीत. पण पट्टीभोवती एका ठिकाणी त्याला पोपडा सुटला होता. दहा-अकरा दिवसांच्या रंगाला पोपडा? ताईच्या रंगाला तर आठ वर्षं पोपडा सुटत नसे. मी पान्ह्याचं टोक खाली घातलं आणि उचललं. मोठी खपली सहज सुटून हातात आली. उलटी केली.

आतून पांढरी होती.

मग मी नखांनीच ओरबाडायला लागलो. रंग निघत गेला, एका वळणात, बोटभर रुंदीचा, कारण खडूवर रंग धरत नाही. पट्टीभोवती पुरतं गोल उमटलं. किंचित चपटं, डावीकडे जोड सुटलेलं. गोल मला कधीच नीट काढता आलं नाही, त्यावरून अण्णा मला चिडवायचे. ते माझंच होतं.

मी मोठ्याने हसलो. एकटाच, त्या मोडक्या गाडीत गुडघ्यावर बसून हसलो. मी विसरलो नव्हतो! माझ्या हाताने त्याचं काम चोख केलं होतं. आठ दिवसांनी माझ्या जिवात जीव आला, आणि खरं सांगतो, सगळ्यात आधी मनात आलं ते हे, की धावत जाऊन ताईला सांगायचं.

उठलो आणि तसाच थांबलो. हातातल्या खपलीवर ब्रशचे फराटे होते. सरळ, एकाला एक लागून, एकही थेंब न ओघळलेले.

चार वाजता ताई चहाची किटली घेऊन आली. मी जीपचं दार उघडंच ठेवलं होतं. ती आत डोकावली आणि किटली तिथेच जमिनीवर ठेवली. दार वाजलं म्हणून बघावं तसं तिने मागे वळून बघितलं. कुणी नव्हतं.

“दिसत होता ना तुला?” मी विचारलं.

“होय.”

“चारही?”

“चारही.” तिचा आवाज अगदी शांत होता. त्याचंच मला भय वाटलं. “गणपत अडून बसला. पहाटेची वर्दी गेली तर दुसऱ्याला जाईल म्हणाला. हे म्हणाले, टाके मजबूत आहेत, एक फेरी निघेल, दिगू आला की पक्कं करील. पण खडू बघितलान तर गणपत गाडी नेणार नाही. वरून रंग मार.”

“आणि तू मारलास.”

“पुसणार नाही म्हटलं मी. पुसायला नाही म्हटलं यांना.”

ते ती अशा सुरात म्हणाली, जणू काही थोडं तरी राखलं होतं तिने. मला तिच्या अंगावर धावून जावंसं वाटलं.

“आणि नंतर? दवाखान्यात मी हात जोडले तेव्हा? माझ्या शेजारी उभी होतीस तू, ताई. तेव्हा का नाही बोललीस?”

“काय बोलणार होत्ये? यांचं नाव सांगितलं असतं तर गणपतच्या भाऊबंदांनी यांना जिवंत ठेवलं नसतं. पोलीस आले असते ते वेगळेच. तुझा सासरा गेलेला. तुझ्या हातून राहिलं म्हटलं की लोक समजून घेणार. आणि घेतलंच की नाही सगळ्यांनी?” तिने डोळे पुसले. “तुला माफ करतात रे लोक, दिगू. लहानपणापासून बघत्ये. यांना कोण करणार होतं?”

“मी धंदा सोडायला निघालो होतो.”

“मी सोडू दिला नसता. थोडे दिवस गेल्यावर समजावलं असतं तुला.”

समजावलं असतं! काय समजावणार होती? की विसरतं माणूस?

बाहेर टेम्पो थांबला. भावजी आणि भंगारवाला आत आले. उघडं दार, ओरबाडलेला पत्रा, खाली ठेवलेली किटली, सगळं भावजींनी एका नजरेत बघितलं. रंग उडाला त्यांचा. पण माणूस पक्का. भंगारवाल्याला म्हणाले, “घ्या, चढवा.”

“गाडी जाणार नाही,” मी म्हणालो. “गणपतला आधी हे दाखवायचं. खडू होता.”

“कसला खडू? डोकं फिरलं काय तुझं? वर्षानुवर्षांची गाडी ती, शंभर ठिकाणी पांढरं असेल.”

“ताईला विचारा.” मी तिच्याकडे वळलो. मला तिची खात्री होती. एवढं सगळं ऐकूनही खात्री होती, कारण तिने आत्ताच, माझ्या तोंडावर, होय म्हटलं होतं. “ताई, सांग यांच्यासमोर. खडू होता की नव्हता?”

तिने भावजींकडे बघितलं. मग माझ्याकडे. माझ्याकडे बघताना तिच्या डोळ्यांत माया होती, ती मला आजही नाकारता येत नाही.

“नव्हता,” ती म्हणाली.

भंगारवाल्याने दोरखंड लावला. लोक विचारतात, तू आडवा का नाही झालास? टेम्पोपुढे का नाही पडलास? मी काहीच केलं नाही. त्या एका शब्दानंतर मी ऐरणीवर बसलो आणि जीप दारातून बाहेर जाताना बघितली. ताईने किटली उचलली आणि चहा भंगारवाल्याला दिला.

आता चिपळुणात माझं स्वतःचं वर्कशॉप आहे. तिथे वेल्डिंग मी करतो आणि रंगही मीच मारतो. त्याला बावीस वर्षं झाली. तसा मी कुणाशी भांडत नाही. पण तो दिवस तिथेच संपला असता तर कदाचित मी इतका लांब गेलो नसतो.

गॅरेजमधून उठून मी तडक दवाखान्यात गेलो होतो. भेटायची वेळ होती, सगळीकडे डबे घेतलेली माणसं. मी गणपतच्या खाटेशी बसलो आणि सगळं सांगितलं, एका दमात, वर्दीपासून रंगापर्यंत. खिशातली खपली काढून त्याच्या हातावर ठेवली. येताना तिचे तुकडे झाले होते. त्याने एक तुकडा उलटासुलटा करून उजेडात धरला, चंद्राला दाखवला. चंद्राने खांदे उडवले.

“ताई काय म्हणत्ये तुझी?” त्याने विचारलं.

खोटं बोलायचं मला सुचलं नाही. “नव्हता म्हणते.”

गणपतने तुकडे गोळा करून माझ्या मुठीत परत घातले आणि माझी मूठ आपल्या हाताने मिटली. गंमत म्हणजे त्याला राग आला नव्हता. आला असता तर बरं झालं असतं.

“दिगू,” तो म्हणाला, “सख्खी बहीण भावावर खोटा आळ घेईल काय? आठ दिवस जेवला नाहीस, झोपला नाहीस, म्हणून तुला असला काय काय दिसतंय. घरी जा. माफ केला म्हटला ना मी तुला एकदा?”